डोनलच्या भिंतीवरचा काकाकुवा

आयर्लंडला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, काय पाहिलंत? मी मेंढ्या सांगतो. समुद्रावरचे कडे सांगतो, तासातासाला रंग बदलणारं आभाळ सांगतो. पहिल्या खेपेनंतर आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर मी चांगला तासभर बोललो होतो. लोक हसले, शेवटी भेळ झाली. त्यात एक गोष्ट मी गाळली. पुढेही कितीतरी वर्षं गाळत राहिलो. कुणी विषय जवळ आणला की पुन्हा मेंढ्यांकडे वळायचो.

यंदा परत जाऊन आलो. वय झालं आहे, गुडघे ऐकत नाहीत, एवढा प्रवास करू नये हे कळतं. पण एका माणसाला एक गोष्ट सांगायची होती, तेवढ्यासाठी गेलो. ती न सांगताच परत आलो. म्हणून आता हे लिहायला बसलो आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. पुण्यातल्या एका लहान वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात माझी नोकरी झाली. पट्टे, कट्यारी, खंडे, जंबिये. वस्तू आली की ती कुठली, कधीची, खरी की बनावट हे ठरवायचं आणि मग तिला जपायचं. ‘सर म्हणाले म्हणजे झालं’ असं लोक म्हणायचे. ते ऐकायची मला सवय लागली होती.

लेटरकेनी

माझी मुलगी मृणाल लेटरकेनीला डॉक्टर आहे. आयर्लंडच्या पार उत्तरेला, डोनेगल परगण्यात. गाडी नसेल तर इथे माणूस घरातच कैद. मी गाडी चालवत नाही, त्यामुळे मृणालची ड्युटी संपेपर्यंत खिडकीत बसायचं आणि समोरच्या टेकडीवरचा पाऊस आपल्याकडे येतोय का ते बघायचं. तो येतोच.

या खेपेला पहिल्याच सकाळी चहाला साखर सापडेना. मृणालला फोन केला.

“प्रेसमध्ये आहे ना, बाबा.”

“इस्त्रीवाल्याकडे साखर?”

“कपाट हो! इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मागच्या वेळी पण सांगितलं होतं तुम्हाला.”

सांगितलं असेल. मागच्या वेळचं मला नेमकं नको ते आठवतं.

मागच्या वेळी मी गेलो तो शरद ऋतूत. बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं, मृणालने आग्रहाने नेलं. तिथेच डोनल भेटला. मृणाल नवी असताना त्याच्याच जुन्या घरात भाड्याने राहायची. मेंढ्या पाळणारा, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, कान लाल आणि हात फावड्यासारखे. आपल्याकडे असता तर मी त्याला दादा म्हटलं असतं. तिथे सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. मी संग्रहालयात होतो हे कळल्यावर त्याने मला ‘प्रोफेसर’ करून टाकलं. मी प्रोफेसर नाही म्हटलं तर म्हणाला, “चष्मा आहे, छत्री आहे, आणि बटाटा सोलता येत नाही. आणखी काय लागतं?”

त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीच्या वर, एक तलवार टांगलेली होती.

मी उठून उभाच राहिलो. आपल्याकडची नव्हती, अरबी नव्हती, युरोपातली तर नव्हतीच. पातं पिंपळाच्या लांबट पानासारखं, एका बाजूला धार, पाठ जाड. मूठ हातभर अंतरावरूनही चमकत होती. अशी एक मी फार पूर्वी एका व्यापाऱ्याच्या घरी पाहिली होती आणि नंतर तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं. तिला बारोंग म्हणतात. फिलिपिन्सच्या दक्षिणेला सुलूची बेटं आहेत. तिथल्या दर्यावर्दी मुसलमान लोकांना स्पेनच्या लोकांनी मोरो हे नाव दिलं. त्यांचं हे शस्त्र.

डोनलने मानेने हो म्हटलं आणि मी ती उतरवून हातात घेतली. आपल्या तलवारीला परज असते, वाटी असते, मूठ हाताला सगळीकडून धरून ठेवते. बारोंगला त्यातलं काही नाही. खाली चांदीची नळी, तिच्यावर वेणीसारखी गुंफण, आणि टोकाला कोरलेला पक्षी. काकाकुवा. त्याची चोच पुढे वळून करंगळीच्या खाली येते, म्हणजे घाव घालताना हात सुटत नाही. तुरा मागे झेपावलेला असतो, तो जड पात्याचा तोल सांभाळतो. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, धरणाऱ्याला कळतं की त्यातलं काहीच उगाच नाही. ज्याने ती कोरली त्याने आयुष्यभर पक्षी आणि माणसांचे हात पाहिले असणार.

मूठ हस्तिदंताची होती. मी ती गालाला लावली, थंड लागली. हाडाची असती तर भिंगाखाली बारीक काळे ठिपके दिसले असते, ते नव्हते. नकली हस्तिदंत म्हणून खपवतात त्या सेल्युलॉइडवर रेघा शाळेच्या वहीसारख्या सरळ, सारख्या अंतरावर असतात, वजनही हलकं. इथे तुऱ्याच्या कापलेल्या बाजूला बारीक कमानी होत्या, एकमेकींना छेदत गेलेल्या, घड्याळाच्या मागे कोरतात तशी जाळी. ही जाळी हत्तीच्या दातातच असते, ती नकली करता येत नाही. शिवाय रंग. तळहात टेकतो त्या बाजूला मध, आणि चोचीच्या आतल्या खोबणीत, जिथे बोट पोचत नाही, तिथे साय. चहात बुडवून रंगवलेल्या मुठीत खोबणी जास्त काळी होते. इथे उलट होतं. हा रंग हातांनी आलेला होता.

“आजोबा अमेरिकेला गेले,” डोनल म्हणाला, “काम मिळेना म्हणून तिथल्या फौजेत शिरले. फौजेने त्या बेटांवर पाठवलं. परत आले ते हे घेऊन. कसं मिळालं ते कधी बोलले नाहीत. रोज संध्याकाळी मात्र उतरवून पुसायचे. मग वडील पुसायचे.”

“आणि तू?”

“मी हात लावत नाही.” एवढं बोलून त्याने किटली भरली.

खंडेनवमी

त्या वर्षी लेटरकेनीतल्या पाचसहा मराठी घरांनी मिळून दसरा करायचं ठरवलं. हॉल घेतला. शस्त्रपूजेला कुणी स्टेथोस्कोप आणणार होतं, कुणी लॅपटॉप, मुलं क्रिकेटच्या बॅटी. “बाबा, तुम्ही असताना एक तलवार नको?” मृणाल म्हणाली. मी डोनलला विचारलं. तो म्हणाला, “प्रोफेसर, तुझ्या हातात देतोय.” आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून दिली.

नवमीला शस्त्रं घासूनपुसून ठेवायची ही आपली रीत. मुठीखालची चांदी काळी पडली होती. संग्रहालयात मी त्या वस्तूला कोरड्या कापसाशिवाय कुणाला हात लावू दिला नसता. हस्तिदंताला पाणी चालत नाही हे नव्या माणसांना मीच शिकवायचो. पण त्या दिवशी ती माझ्यासाठी संग्रहालयातली वस्तू नव्हती, नवमीची होती. आई सणाच्या आदल्या दिवशी देवघरातली चांदी चिंचेच्या कोमट पाण्यात टाकायची. मृणालच्या प्रेसमध्ये चिंच सापडली. बादलीत चांदी बुडेल एवढं पाणी घेतलं आणि तलवार मुठीवर उभी केली. मूठ खाली म्हणजे पक्षी आधी बुडणार, हे मला दिसलं नाही असं नाही. दोनच मिनिटं, असं म्हणालो आणि खुर्चीत बसलो.

डोळा लागला.

जागा झालो तेव्हा पाणी गार झालं होतं. मूठ बाहेर काढली, पुसली. अजून ओली होती आणि संध्याकाळी कार्यक्रम. त्या घरात ओलं ते भिंतीला लावलेल्या तापत्या रेडिएटरवर असा नियमच आहे. मोजे, टोप्या, रुमाल. मीही आठवडाभर तेच करत होतो. मोज्यांच्या शेजारी तलवार ठेवली.

आवाज लहानसा झाला. सुपारी फुटावी तसा. तुरा मधोमध चिरला होता, त्याचा एक तुकडा मोज्यावर पडला होता. मधाचा रंग गेला होता. उरला होता तो खडूचा पांढरा.

मी तो तुकडा खिशात घातला. तलवार टॉवेलात गुंडाळून हॉलवर नेली, झेंडूच्या ढिगात मूठ झाकली जाईल अशी मांडली. आरती झाली. मग डोनल आणि त्याची बायको नोरा आले, पाहुणे म्हणून, ठेवणीतले कपडे घालून. डोनलने फुलं बाजूला केली.

“पक्ष्याला काय झालं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मृणालही. ‘सर म्हणाले म्हणजे झालं’ अशा चेहऱ्याने.

मी म्हणालो, “डोनल, वाईट वाटून घेऊ नकोस. ही मूठ हस्तिदंताची नाही. हाडाचा भुगा दाबून केलेली आहे, वर चहाचा रंग. साफ करताना रंग निघाला आणि सांधा सुटला. सैनिकांना विकायला अशा बनवायचे.”

आवाज जराही हलला नाही. आयुष्यभर तो त्याच कामाला वापरला होता.

डोनलने मुठीकडे पाहिलं. मग खांदे उडवले आणि हसला. “म्हणजे म्हाताऱ्याला कुणीतरी गंडवलं!” नोराने त्याचा हात धरला. मृणाल घरी जाताना म्हणाली, “बाबा, एका नजरेत ओळखलंत तुम्ही.”

दोन दिवसांनी माझं विमान होतं. तो तुकडा खिशातच राहिला. तो पुण्याला आला, आणि तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात आहे. भिंग लावलं की जाळी दिसते.

डोनलच्या घरी

या खेपेला मी तो तुकडा बरोबर नेला. रुमालात बांधून, कोटाच्या आतल्या खिशात. बोलायचं काय तेही इंग्रजीत ठरवून ठेवलं होतं. आंघोळ करताना म्हणून पाहायचो.

रविवारी मृणालने गाडी काढली. डोंगराचा रस्ता, दोन्ही बाजूला काळी ओली माती आणि जळणासाठी सुकत ठेवलेल्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या मातीच्या, विटांचे ढीग. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करत होता. ओळख असो नसो. मृणालही उचलायची. पुण्यात बोट उचललं तर खाली उतरून भांडतील, मी म्हणालो. ती हसली. “एवढं काय काम काढलंय डोनलकडे?” तिने विचारलं. मी म्हटलं, सहज. एका वळणावर मेंढ्या आडव्या आल्या आणि आम्ही थांबून राहिलो. मला बरं वाटलं. त्या अजून थोडा वेळ थांबल्या असत्या तरी चाललं असतं.

डोनल फाटकात उभा होता. वाकलाय, कान तेवढेच लाल. “प्रोफेसर! अजून जिवंत?”

“तू आधी जाशील म्हणून वाट बघत होतो.”

“मग वेळेवर आलास.”

नोराने विचारलं, चहा घेणार? मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा कप माझ्या हातात होता. याबाबतीत ते आणि आपण सारखे आहोत, पहिला नकार कुणीच मोजत नाही. चहा इतका कडक की आपल्याकडे एवढ्या पत्तीत चार जणांचा होईल. काळसर गव्हाचा सोडा-ब्रेड, वर बोटभर लोणी. मी मांस खात नाही हे नोराच्या लक्षात होतं. माझ्यासाठी तिने कोबी वेगळा शिजवला होता, बिचारा मीठ सोडून काहीच न घालता. मी दोनदा वाढून घेतला.

चुलीवरची भिंत रिकामी होती. दोन खिळे होते, आणि त्यांच्यामध्ये पानाच्या आकाराचा फिकट डाग.

मृणालला हॉस्पिटलमधून फोन आला, ती बोलायला गाडीत जाऊन बसली. मी खिशात हात घातला. तेवढ्यात डोनल म्हणाला, “चल, तुला एक गंमत दाखवतो.”

शेड

मागच्या बाजूला पत्र्याची शेड. कुदळी, दोरखंड, मेंढ्यांची औषधं. खिळ्याला बारोंग लटकत होती. मुठीवर निळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, पक्षी तिच्या आत. फक्त चोच बाहेर.

“काटेरी झुडपांना याच्यासारखं काही नाही,” डोनल म्हणाला. बाहेर येऊन त्याने दाखवलंही. कुंपणावर ब्लॅकबेरीच्या जाड वेली चढल्या होत्या. एक घाव, वेल खाली. त्या वयात, त्या खांद्याने. चोच करंगळीखाली बसली होती आणि हात सुटत नव्हता. पाहताना मला कारागीर आठवला. त्याने हे ज्यासाठी केलं होतं त्याच्या फार जवळचं काहीतरी चाललं होतं.

त्याने पातं बाहीला पुसलं.

“तुला कधी सांगितलं नाही. लहानपणापासून मला या वस्तूची भीती. आजोबा संध्याकाळी पुसायचे ना, तेव्हा बोलायचे तिच्याशी. कुणाची तरी माफी मागायचे. एका मेलेल्या माणसाच्या हातातून काढून घेतली होती ती, बोटं उघडून. मरताना आजीला सांगितलं. मग वडील पुसायला लागले, टाकता येईना म्हणून. मग माझी पाळी. मी पुसायचोही नाही. तिच्याखाली बसून जेवायचो आणि वर बघायचो नाही.”

वारा सुटला होता.

“आणि तू येऊन सांगितलंस की ती सैनिकांना विकायची वस्तू. म्हणजे म्हाताऱ्याने बाजारातून आणली आणि तिच्याभोवती मनात गोष्ट रचली. शेवटी स्वतःलाच ती खरी वाटायला लागली असेल. त्या रात्री मी नोराला म्हटलं, कुणी मेलंच नव्हतं गं. नीट झोपलो. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून काढली आणि झुडपं तोडली.”

माझी बोटं खिशात त्या रुमालावर होती. गाठ सुटली होती, तुकड्याची धार लागत होती.

“गेल्या उन्हाळ्यात डब्लिनहून तो युअर मॅन आला होता.” तिकडे कुठल्याही तिसऱ्या माणसाला ‘युअर मॅन’ म्हणतात. “जुन्या वस्तू बघत फिरतो. म्हणाला, टेप काढा, मला हे खरं वाटतंय. मी म्हटलं, भारतातल्या म्युझियमच्या माणसाने हातात घेऊन सांगितलंय. गप्प बसला बघ. नोरा मात्र तेव्हापासून मधूनमधून विचारते.” त्याने माझ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. “तुझी खात्री आहे ना, प्रोफेसर?”

टेप जिथे सैल झाली होती तिथे फुटलेली कड दिसत होती. पावसाळी उजेडातही तिच्यावर त्या कमानी दिसत होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, स्वच्छ. ज्याला ठाऊक आहे त्याला हातभर अंतरावरून वाचता आलं असतं. डोनल तेच बघत होता आणि त्याला त्यात काही दिसत नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “खात्री आहे.”

“ग्रँड,” तो म्हणाला, आणि तलवार खिळ्याला लावली.

त्याची झोप मोडू नये म्हणून मी असं बोललो, असं विमानात स्वतःला सांगून पाहिलं. थोडं खरं आहे. पण बोलण्याआधीच्या क्षणी मला त्याची झोप आठवली नव्हती. मला मृणाल दिसली होती. फोन संपवून ती शेडकडे येत होती.

फाटकाबाहेर पडताना डोनलने एक बोट उचललं. मीही उचललं. “काय बोलत होतात एवढं?” मृणालने विचारलं. “झुडपांबद्दल,” मी म्हणालो.

पुणे

आता नोंद नीट करतो, मी नोकरीत करायचो तशी. बारोंग, सुलू बेटं. पातं मूळचं, उत्तम. नळी चांदीची. मूठ हस्तिदंताची, काकाकुव्याच्या आकाराची, अस्सल, पट्टीच्या कारागिराच्या हातची. तुरा भंगलेला. भंगण्याचं कारण, अस्मादिक.

मृणाल हे वाचेल. तिला मी अजून सांगितलेलं नाही, तिने असंच वाचावं. तिने मग डोनलला सांगायचं की नाही, तेही तिच्यावर टाकतो. हे बरोबर नाही, पण माझ्याने आता तिसरी फेरी होणार नाही. डोनलला मराठी येत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच तर पुढचं लिहायला धीर होतो आहे.

आंघोळीच्या वेळी पाठ केलेलं ते बोलणं असं होतं:

डोनल, मूठ मी फोडली. चिंचेच्या पाण्यात टाकून झोपलो, मग रेडिएटरवर वाळत घातली. तुझ्या आजोबांच्या आणि वडिलांच्या हातांचा रंग होता तिच्यावर, तो मी एका दुपारी धुऊन टाकला. लोकांसमोर कमीपणा येऊ नये म्हणून तिला बनावट म्हणालो आणि तुझ्या आजोबांना खोटं पाडलं. त्यांना कुणी गंडवलं नव्हतं. मला माफ कर. हा तुरा घे, तुझा आहे. पक्षी खरा होता.